विरोधाचं टिपण

नाबर साहेबांनी कुणाला कधी ‘हे घ्या’ असं सांगितलं नाही, आणि ‘हे घेऊ नका’ असंही नाही. फणसवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत माणसं हातात गुंतवणुकीचे फॉर्म घेऊन यायची. कुणाची निवृत्तीची रक्कम असायची, कुणाचा गावच्या आंब्याच्या कलमांतला वाटा. साहेब ते कागद गॅलरीत उभे राहून वाचायचे, समासात पेन्सिलीने बारीक खुणा करायचे आणि परत देताना दोनांपैकी एक वाक्य म्हणायचे. ‘माझे आहेत’ किंवा ‘माझे नाहीत’. बस. पुढचं ज्याचं त्याने समजून घ्यायचं. आम्ही पंधरा वर्षं समजून घेत आलो आणि शेवटी एकदाच गैरसमज झाला. तो गैरसमज होता असं साहेब म्हणतात. मी म्हणत नाही.

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. फोर्टमधल्या आमच्या बँकेत ते कर्ज विभागाचे प्रमुख. उंच, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशाला पेन नाही तर पेन्सिल. पेनने लिहिलेलं मागे घ्यायला माणूस लाजतो, असं त्यांचं म्हणणं. विभागातल्या बायकांना ते आडनावाला ‘बाई’ लावून हाक मारत. माझ्या लग्नाला जेमतेम महिना झालेला, परब हे नाव माझं मलाच अजून अंगी लागलं नव्हतं, आणि हे गृहस्थ भर ऑफिसात ‘परबबाई’ म्हणून हाक मारायचे. आपण एकदम पन्नाशीच्या झालो असं वाटायचं.

त्यांच्या विभागात एक वेगळंच वळण होतं. कर्जाचा कुठलाही प्रस्ताव मंजुरीला जाण्याआधी त्याच्या विरोधात एक पानभर टिपण लिहिलं जायचं. बँकेच्या नियमात ते कुठेही नव्हतं. आणि ते लिहायचं कुणी, तर ज्याला तो प्रस्ताव सगळ्यात जास्त आवडला असेल त्याने. त्याने ते सगळ्यांपुढे वाचायचं, साहेब प्रस्तावाच्या बाजूने बोलणार, बाकीच्यांनी ऐकून ठरवायचं. वाद कडाक्याचे व्हायचे. साहेब समोरच्याला अक्षरशः सोलून काढायचे. पण वाद संपला की दुसऱ्या मिनिटाला चहा मागवायचे आणि समोरच्याच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी करायचे. त्यांच्या मनात काही उरायचं नाही. आमच्या मनात उरायचं, पण ते आमचं आम्ही बघायचं.

माझं पहिलं टिपण दादरच्या एका साडीच्या दुकानाचं. मालक गोड माणूस, कागदपत्रं स्वच्छ, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. मला प्रस्ताव फार आवडला म्हणूनच ते काम माझ्या गळ्यात पडलं. कागदात खोट सापडेना. शेवटी शनिवारी दुपारी मी समोरच्या फुटपाथवर जाऊन दीड तास उभी राहिले. दुकानातून बायका घोळक्याने बाहेर पडत होत्या, पण त्यांच्या हातातल्या पिशव्या शेजारच्या दुकानाच्या होत्या. एसीचा गारवा इथला खायचा, साड्या इथल्या उलगडून बघायच्या आणि खरेदी शेजारी, असा प्रकार. मी तेवढंच लिहिलं. साहेब प्रस्तावाच्या बाजूने वीस मिनिटं बोलले, मला घाम फोडला आणि शेवटी सगळ्यांदेखत म्हणाले, ‘बरं आहे.’ बरं आहे ही त्यांच्याकडची सगळ्यात मोठी पदवी. मी घरी कौतुकाने सांगितलं तर नवरा म्हणाला, एवढंच? त्याला काय कळणार.

त्या दिवसापासून विरोधाचं टिपण जवळजवळ कायमचं माझ्याकडे आलं. कागदाबाहेर जाऊन कसं बघायचं हे मला या माणसाने शिकवलं. हे मी आजही नाकारत नाही, आणि त्यामुळेच जास्त संताप येतो.

घरीही त्यांचं तेच. भाजीवाल्यापुढे फ्लॉवर हातात घेऊन ते वहिनींना विचारायचे, याच्या विरोधात काय आहे? वहिनी म्हणायच्या, तुम्ही आहात. मुलीचं लग्न ठरायच्या वेळची गोष्ट तर आमच्या सबंध विभागाला पाठ होती. तिने स्वतःच मुलगा पसंत केला होता, आणि साहेबांना त्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं. फक्त होकार कळवण्याआधी त्यांनी तिच्यापुढे कागद ठेवला आणि मुलाच्या विरोधात पानभर लिहायला सांगितलं. तिने रडत रडत दोन पानं लिहिली. साहेबांनी वाचली, मुलाच्या बाजूने अर्धा तास बोलले आणि लग्न लागलं. ती पानं त्यांनी जपून ठेवली आहेत, जावयाला माहीत नाही. निदान साहेबांची तशी समजूत आहे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी हेच वळण फणसवाडीत लावलं. रविवारी सकाळी दहाला त्यांच्या बाहेरच्या खोलीत आम्ही सात-आठ जण जमायचो. वाडीतलेच चार-पाच निवृत्त गृहस्थ, लालबागहून मी, आणि माहीमच्या कोळीवाड्यातून हेमा तांडेल. हेमा बँकेत रोखपाल होती. घरच्या दोन बोटी, सासू अजून बाजारात पाटी घेऊन बसणारी. हेमाचा आवाज असा की वाडीच्या तोंडाशी ती बोलली तरी वर गॅलरीत कळायचं. वहिनी पोहे करायच्या. साहेब जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू आम्हाला टिपणासाठी द्यायचे. एका बाजूला कुणाचं तरी शुभमंगल आणि दुसऱ्या बाजूला कुठल्या तरी कंपनीची धडगत नसल्याची कारणं.

माझी एक रक्कम त्या वेळी नुसती बँकेत पडून होती. आमची लालबागची इमारत पुनर्विकासाला गेली होती. नव्या इमारतीत ठराविक जागा फुकट मिळणार होती. त्याहून एक खोली जास्त हवी असेल तर इमारत उभी राहिल्यावर, दोनेक वर्षांनी, बिल्डरला पैसे भरायचे होते. मला ती खोली हवी होती. लग्न झाल्यापासून मी बाहेरच्या खोलीत झोपले आहे. आधी सासूबाई आणि नणंद, मग मुलं, मग मुलाचं लग्न. सतत कुणी ना कुणी आतबाहेर करणार आणि मी पाय जवळ घेणार. नवरा गेला तेव्हा धड रडायलासुद्धा मला आडोसा मिळाला नाही. दार आतून लावता येईल अशी एक खोली, एवढीच माझी हौस होती. नवऱ्याचा फंड आणि माझी शिल्लक मिळून पैसे जमत आले होते, थोडे कमी पडत होते. दोन वर्षांत बरं व्याज मिळालं तर पुरे होणार होते.

अशातच एका रविवारी साहेबांनी त्या विमान कंपनीच्या बाँडचा विषय काढला. नाव घेत नाही. बाँड म्हणजे कंपनीने लोकांकडून घेतलेलं कर्ज. ठरल्या तारखेला व्याज, मुदत संपली की मुद्दल. कागद मध्येच बाजारात विकताही येतो. कंपनीची पत घसरली की कागद स्वस्त होतो, आणि स्वस्तात घेणाऱ्याला व्याज भरघोस पडतं. ही कंपनी तेव्हा ठेचकाळत चालली होती. कागद बराच उतरला होता, मुदत दीड वर्षावर आली होती. साहेबांनी मूळ विक्रीच्या वेळीच हे बाँड घेऊन ठेवलेले, ते आम्हाला मागाहून कळलं. माझे डोळे चमकलेले त्यांनी पाहिले असणार. पुढच्या रविवारचं टिपण त्यांनी माझ्याकडे दिलं.

मी आठवडाभर खपले. विमानं कंपनीच्या मालकीची नव्हतीच, सगळी भाड्याची. पुढच्या महिन्यांची तिकिटं विकून आलेले पैसे आधीच खर्च झालेले. बाँडला तारण म्हणून होतं काय, तर कंपनीचं नाव आणि बोधचिन्ह. हे सगळं कागदातलं. पण माझी सवय कागदाबाहेर जायची. हेमाची भाची प्राची विमानतळावर त्याच कंपनीच्या काउंटरवर होती. तिला मी कोळीवाड्यात जाऊन भेटले. पगार दोन तुकड्यांत येतो, हे तिने सांगितलं. आणि मग सहज बोलावं तसं म्हणाली की हल्ली इंधनवाले उधारीवर देत नाहीत, रोज सकाळी पैसे पोचले तरच विमानात इंधन भरतात. परवा पैसे यायला उशीर झाला तर प्रवासी तासभर तसेच बसून होते. ते मी शेवटचा मुद्दा म्हणून लिहिलं.

रविवारी मी टिपण वाचलं. मग साहेब बोलायला उठले. इतके सुंदर ते कधी बोलले नव्हते. विमानं भरून जातायत, म्हणाले. बँकांचे एवढे पैसे अडकलेत की त्याच कंपनीला पडू देणार नाहीत. नवा भागीदार येतोय. आणि बाजाराला जी काही भीती वाटते आहे ती या कागदाच्या किमतीतून आधीच वजा झालेली आहे, आपण भीतीचे पैसे घेतोय, देत नाही. माझा एकेक मुद्दा त्यांनी उचलून बाजूला ठेवला. शेवटी इंधनाचा राहिला.

‘परबबाई म्हणतात, रोज सकाळी रोख पैसे द्यावे लागतात,’ साहेब म्हणाले. ‘म्हणजे रोज सकाळी त्यांच्याकडे रोख पैसे असतात. आपल्यापैकी किती जणांकडे असतात?’

सगळे हसले. मीही हसले. आपलाच मुद्दा इतक्या सफाईने उलटवलेला बघण्यात एक आनंद असतो, तो मी तीस वर्षं घेत आले होते.

हेमाने मात्र आम्हा सगळ्यांच्या मनातलं विचारलं. ‘साहेब, ते सगळं राहू दे. तुमचे हायत का?’

‘माझे आहेत,’ साहेब म्हणाले.

त्यात खोटं काही नव्हतं. त्या रविवारी, त्या क्षणी, ते होते. आम्ही सगळे शिकलेसवरलेले, आयुष्यभर दुसऱ्यांची कर्जं तपासलेले लोक. पण आमच्यातल्या एकालाही ‘ठेवणार आहात का?’ असं विचारायचं सुचलं नाही. कंपनीचे कागद आम्ही वाचत होतो असं आम्हाला वाटायचं. खरं तर आम्ही साहेबांना वाचत होतो.

मंगळवारी आम्ही ठाकूरद्वारच्या ब्रोकरला फोन करून बाँड घेतले. साहेबांचं खातंही तिथंच होतं. मी सगळी रक्कम घातली. हेमाने बोटीच्या नव्या इंजिनासाठी ठेवलेल्यातली अर्धी.

एक व्याज आलं. दुसरं आलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत विमानं जमिनीवर आली ती उठलीच नाहीत. प्राचीची नोकरी गेली. बाँडधारकांनी दावे दाखल करावेत असं पत्र आलं, आम्ही केले. आमच्या आधी रांगेत बँका, विमानांचे मालक, कर्मचारी. आमच्यापर्यंत काही येईल असं कुणी म्हणालं नाही. नव्या इमारतीच्या फॉर्मवर मी ‘वाढीव जागा नको’ या चौकोनात खूण केली. मुलगा म्हणाला, आई, हॉल मोठा आहे ना. मी म्हटलं, हो, मोठा आहे.

रविवारची बैठक बंद पडली. साहेबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, असा निरोप आला. मला त्या माणसाची कीव आली, हे मला सगळ्यात जास्त बोचतं. आपल्यापेक्षा त्यांचं जास्त गेलं असणार, आणि वर आपल्यामुळे बाकीचे बुडाले हा सल, असं मी धरून चालले होते. मी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांची उसळ डब्यात घालून फणसवाडीत गेले. साहेब काळा चष्मा लावून आरामखुर्चीत बसले होते. मी त्यांना म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, तुमचं आमचं सगळ्यांचंच गेलं. ते म्हणाले, ‘माझं जाऊ दे, परबबाई.’ मला त्यात मोठेपणा दिसला. आंबोळ्या त्यांनी चार खाल्ल्या. वहिनी मात्र माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या दमल्या असतील असं मला वाटलं.

दोन महिन्यांनी मी ब्रोकरकडे गेले. हा कागद मिळेल त्या भावाला कुणी घेईल का, एवढंच विचारायचं होतं. तिथे राणे म्हणून पन्नाशीचे गृहस्थ आहेत, कायम घाईत, मनाने सरळ. ते म्हणाले, ‘आता कोण घेणार मॅडम? तुम्ही घेतलेत त्या दिवशी पण स्क्रीनवर विकणारे एकटे नाबर साहेबच होते.’

मी विचारलं, किती विकले?

‘सगळे. सोमवारी सकाळीच ऑर्डर टाकून ठेवलेली. तुम्ही लोकांनी मंगळवारी उचलले. का, तुम्हाला माहीत नव्हतं?’

मी म्हटलं, माहीत होतं. का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. साहेबांची लाज राखावी असं त्याही क्षणी वाटलं असेल, इतकी जुनी सवय. तिथून फणसवाडी पाच मिनिटांवर. मी ते अंतर कसं चालले मला आठवत नाही.

साहेब गॅलरीत उभे राहून काहीतरी वाचत होते. डोळा चांगला सुधारला होता. मी बसले नाही. तुम्ही सोमवारी विकलेत का, असं सरळ विचारलं. त्यांनी हातातले कागद स्टुलावर ठेवले.

‘तुमचं टिपण चांगलं होतं,’ ते म्हणाले. ‘तुम्ही सगळे गेल्यावर मी ते परत वाचलं. तो इंधनाचा मुद्दा खोडता येत नव्हता.’

‘तुम्ही तर खोडलात. सगळ्यांसमोर.’

‘ते वादात. वादात माझं काम बाजूने बोलायचं. एकटा बसलो तेव्हा नाही खोडता आला.’

मी विचारलं, मग फोन का नाही केलात? आमच्या हातात अख्खा सोमवार होता.

आतल्या खोलीत वहिनींच्या हातातल्या भांड्यांचा आवाज थांबला. साहेबांनी आवाज चढवला नाही की खाली आणला नाही. एखाद्या नव्या अधिकाऱ्याला ताळेबंद समजावून द्यावा तसे ते म्हणाले, ‘तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हेमाबाईंना सांगितलं असतं, त्यांनी सगळ्यांना. मग घेणारं कोण राहिलं असतं?’

मला वाटलं होतं ते सबबी सांगतील. आजारपण, विसरणं, मुलीची अडचण, काहीही. मी ती सबब घेऊन घरी जायला तयार होते. त्यांनी खरं सांगितलं आणि मला काही जागाच ठेवली नाही. माझ्या टिपणावर त्यांनी विश्वास ठेवला होता. मी स्वतः ठेवला नव्हता, कारण त्यांनी ते खोडलं होतं. माझे पाय मी कोळीवाड्यापर्यंत झिजवले ते त्यांचा पैसा वाचवायला, आणि तो वाचला तो माझ्याच पैशाने. मी त्यांना म्हटलं की माझी एक खोली होती त्यात. ते म्हणाले, ‘वाईट वाटतं मला.’ ते वाटत असेलही. वाईट वाटण्याच्या बाबतीत ते खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही.

मग त्यांनी वहिनींना चहा टाकायला सांगितला. वाद संपला होता.

वहिनी चहा घेऊन आल्या नाहीत. साहेबांनी थोडी वाट बघितली, मग स्टुलावरचे कागद उचलून माझ्यापुढे धरले. रस्ते बांधणारी कुठलीशी कंपनी बाँड काढत होती. नातवाच्या शिक्षणासाठी थोडे घालावेत म्हणतो, म्हणाले. आलाच आहात तर जरा नजर टाका, याच्या विरोधात काय आहे? डोळ्याने अजून बारीक अक्षर नीट लागत नाही, आणि तुमच्यासारखं कुणाला दिसत नाही.

मी कागद घेतले. घ्यायला नको होते, पण हात पुढे गेला. तिसऱ्या पानावर मला ते दिसलं. मालकाने आपले जवळजवळ सगळे शेअर आधीच दुसरीकडे गहाण टाकले होते, आणि ते बारीक अक्षरात एका ओळीत उरकलं होतं. पूर्वी अशी ओळ सापडली की माझ्या मानेवर शहारा यायचा. त्या दिवशीही आला.

‘मला काही दिसत नाही यात,’ मी म्हटलं.

एवढ्या वर्षांत त्यांच्याशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं. मला वाटलं ते चष्म्यावरून बघतील, उलटतपासणी घेतील, मला घाम फोडतील. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवले आणि समाधानाने मान हलवली. मी चपला घातल्या. वहिनी दारापर्यंत आल्या आणि परत आत गेल्या.

मी जिना उतरून वाडीत आले तेव्हा साहेब वर गॅलरीत फोनवर बोलत होते. हल्ली कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा आवाज मोठा असतो. पलीकडे राणे असावेत. साहेब त्यांना रक्कम सांगत होते आणि मध्येच म्हणाले, ‘हो हो, परबबाईंनी स्वतः बघितलेत कागद.’ मला वर बघून हाक मारता आली असती. मी चालत राहिले.